घड्याळातला पाहुणा

आमच्या ओसरीवर एका तिवईवर लंबकाचे जुने घड्याळ उभे आहे. त्यास काटे नाहीत, तबकडी नाही, लंबकही नाही. येणारा-जाणारा क्षणभर थांबून त्याकडे पाहतो आणि तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत का बुडविले आहेत, असे हटकून विचारतो. त्याचे उत्तर थोडे लांब आहे, आणि त्यात माझ्या वाट्यास श्रेय फारसे येत नाही. तरीही ते एकदा सविस्तर सांगून टाकावे, असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही इतवाऱ्यात राहतो. बऱ्हाणपूरच्या जुन्या तटाच्या आत वारांची नावे धारण करणारे मोहल्ले आहेत, शनवारा, बुधवारा आणि आमचा इतवारा. दिवसभर यंत्रमागांची खडखड चाललेली असते. आम्हां म्हाताऱ्यांना ती बंद पडली म्हणजेच जाग येते. वेशीबाहेर पडून तापीच्या बाजूस गेले की केळीच्या बागा लागतात. अशा गावी गेल्या पावसाळ्यात माझा नऊ वर्षांचा नातू भुसावळहून राहावयास आला. त्याच्या आईचे दिवस भरत आले होते. प्रकृती नाजूक, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नये असे बजावलेले. शाळेतून दोन-अडीच महिन्यांची रजा काढून मुलास आमच्या स्वाधीन करण्यात आले. मी निवृत्त शिक्षक. तेव्हा अभ्यासाची काळजी नव्हती. काळजी होती ती त्याच्या गप्प बसण्याची. ताटावर बसे, दोन घास खाई आणि उठे. सायंकाळच्या जपमाळेच्या वेळी मात्र आईचे नाव घेताच त्याचा आवाज एकदम मोठा होई.

एके दिवशी ओळखीच्या एका बागाईतदाराने केळीची पाने आणून दिली. त्यांतल्या एका पानाच्या पाठीवर दोन पेरे लांबीचा हिरवा किडा पुढचे पाय छातीशी दुमडून बसला होता. पान हलविले तरी तो हलला नाही. फक्त मान वळवून आमच्याकडे पाहू लागला. मान वळवून पाहणारा किडा मुलाने पूर्वी पाहिला नव्हता. "आजोबा, हा बघतोय!" असे तो ओरडला. तीन आठवड्यांत मी ऐकलेला त्याचा तो पहिला मोठा आवाज. शेजारच्या चाची म्हणाल्या, "टिड्डा आहे, फेकून द्या." आमच्या मंडळींनी सांगितले, "टोळ नव्हे, हा खंडोबाचा किडा. माहेरी शेतात पुष्कळ असत." शाळेच्या पुस्तकांत त्यास प्रार्थनाकीटक म्हणतात. मुलास ते नाव फार आवडले.

मी लोणच्याची एक काचेची बरणी रिकामी केली, आत लिंबाची डहाळी उभी केली, तोंडास मलमलीचा तुकडा बांधला आणि किडा आत सोडला. आठ दिवस मोठ्या आनंदात गेले. मुलगा सकाळी उठून माश्या पकडी. मेलेली माशी आत टाकली तर किडा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. तीच माशी चिमट्यात धरून हलविली की त्याचे पाय असे काही सुटत की सुटलेले दिसतच नसत, माशी एकदम त्याच्या तोंडाशी दिसे. मुलाचे जेवण सुधारले. पुढ्यातले ताट बरणीजवळ ठेवून तो जेवू लागला, आणि आजीनेही त्यास हरकत घेतली नाही.

नवव्या दिवशी किड्याने खाणे सोडले. माशी समोरून गेली तरी तो मागे सरके. मुलगा कासावीस झाला. त्याने बरणीवर बोटाने टिचक्या मारल्या, काडीने माशी त्याच्या पुढ्यात ढकलली. मी दोनदा रागावलो. रात्री निजण्यापूर्वी भिंतीवर बरणीच्या रोखाने उतरणारी पाल मला दिसली. मलमल पालीला काय अडविणार, असा विचार करून मी ती सोडली आणि बरणीवर तिचे मूळचे पत्र्याचे झाकण, खिळ्याने चार भोके पाडून, घट्ट बसविले. आपण मोठी दक्षता घेतली, अशा समाधानात मी झोपलो.

सकाळी किडा बरणीच्या तळाशी पडलेला होता. अर्धे अंग जुन्या कातीत अडकलेले, अर्धे बाहेर. पाय दोऱ्यासारखे वाकडेतिकडे झालेले. दुपारपर्यंत तो तसाच हलत राहिला आणि मग थांबला. घरात जो-तो मुलास म्हणू लागला, "काडीने डिवचलास ना, म्हणून." मीही म्हणालो, "मी तुला सांगितले होते." मुलाने कोणास उलट उत्तर केले नाही. मोगऱ्याच्या कुंडीत त्याने त्यास पुरले आणि पुन्हा पहिल्यासारखा गप्प झाला.

माझा स्वभाव शिक्षकाचा. घडले ते का घडले, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. मोबाइलवर आणि एका मित्राकडच्या पुस्तकांत मी वाचू लागलो, आणि फ्रान्सच्या जां आंरी फाब्र या जुन्या शिक्षकाची ओळख झाली. हा गृहस्थ १८७९ साली प्रोव्हान्स प्रांतात सेरिन्यां येथे एक ओसाड जागा घेऊन राहिला आणि १९१५ साली मरेपर्यंत किडे पाहत बसला. किड्यांवर त्याने दहा भाग लिहिले. त्याचे प्रार्थनाकीटक अन्नावर झाकण घालण्याच्या तारेच्या जाळ्यांखाली राहत. मातीच्या परातीत वाळू, त्यात वाळलेल्या वनस्पतीचा एक झुबका, अंडी घालावयास एखादा सपाट दगड आणि वर जाळी, एवढाच संसार. त्यांस चारा पुरविण्यासाठी गावातली रिकामटेकडी पोरे त्याने पाव आणि टरबुजाच्या फोडी देऊन कामास लाविली होती. आमच्या घरी चारा आणणारा पोरगा फुकट मिळाला होता, आणि जाळीऐवजी मी पत्रा घातला होता.

कारण हेच होते. हा किडा वाढतो तो कात टाकीत. लहानपणापासून पंख फुटेपर्यंत त्यास सहा ते नऊ वेळा कात टाकावी लागते. कात टाकण्यापूर्वी एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक, तो खाणे सोडतो. तो आजार नसतो. मग तो वरच्या बाजूस जाऊन मागच्या पायांच्या नख्यांनी छतास घट्ट धरून उलटा लोंबकळतो. पाठ उकलते आणि आपल्याच वजनाने तो जुन्या कातीतून खाली खाली सरकत बाहेर येतो. नवे अंग त्या वेळी लोण्यासारखे मऊ असते. म्हणून दोन गोष्टी लागतात: नख्या रुतण्याजोगे खरखरीत छत आणि खाली मोकळी जागा. घर निदान त्याच्या लांबीच्या तिप्पट उंच हवे, असे सर्व जाणकार सांगतात. आमच्या किड्यास मलमल ठाऊक होती. त्या रात्री तो वर गेला तेव्हा तेथे गुळगुळीत पत्रा होता.

हे वाचले त्या क्षणी मला सर्व उमगले. मुलाची काडी त्यास त्रासाची झाली असेलही. पण त्याला खाली पाडले ते माझ्या झाकणाने. मी चष्मा काढून ठेवला आणि कोणास काही बोललो नाही. धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून पापे सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसास नऊ वर्षांच्या मुलापुढे तोंड उघडणे कठीण जावे, हे विचित्र खरे. पहिल्या दिवशी वाटले, आता तो विसरत आला असेल; जखम कशास उकरावी? दुसऱ्या दिवशी वाटले, त्यालाही थोडी शिस्त लागली, वाईट काय झाले? सबबी सुचावयास लागल्या की त्या किती सुबक सुचतात!

तिसऱ्या रात्री दिवा मालविल्यावर अंधारातून त्याचा आवाज आला. "आजोबा, तो प्रार्थना करणारा किडा होता ना?"

"हो."

"मी त्याला मारलं. म्हणून देव आईला काही करील का?"

मी उठून दिवा लाविला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की हा प्रश्न आज सुचलेला नव्हता. इतके दिवस प्रत्येक जपमाळेबरोबर तो तोच प्रश्न मोजीत होता. देव अशा हिशेबाने वागत नाही, हे मी त्यास सांगितले. आणि मग झाकणाची गोष्ट सांगितली. पाल, मलमल, पत्रा, सारे. आणि हे मला तीन दिवस ठाऊक होते, हेही सांगितले.

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण तुम्ही मला ओरडलात."

"हो, ओरडलो."

"आजीपण ओरडली. चाचीपण." थोडे थांबून तो म्हणाला, "त्यांनापण सांगा."

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. नंतर चपला घालून शेजारी गेलो आणि मागांच्या खडखडाटात चाचींना दोन वेळा मोठ्याने सांगावे लागले, की टिड्डा मुलाने मारला नाही, मी मारला. त्यांना या सर्वाचे हसू आले. मुलगा माझ्यामागे दाराशी उभा होता. त्यास हसू आले नाही. पण परत येताना त्याने माझे बोट धरले.

दुसरा कीटक आमच्याकडे आठवड्याने आला. रस्त्यावरच्या दिव्याखाली मुलानेच तो पाहिला. पंख नव्हते, म्हणजे तोही बाल्यावस्थेतलाच, पण बराच मोठा. आता बरणी नको, हे ठरलेले. उंच, समोरून पारदर्शक, वरून जाळीचे असे घर हवे. बाजारात काचेच्या पेट्या मिळतात. कोणी त्यांस टेरॅरियम म्हणतात. परंतु त्या आडव्या असतात, माशांसाठी किंवा शोभेच्या रोपांसाठी केलेल्या, आणि या किड्यास रुंदीपेक्षा उंची प्रिय. मी घरभर हिंडलो, आणि माझी दृष्टी सासऱ्यांच्या घड्याळावर गेली. ते अनेक वर्षे बंद होते. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून घड्याळजीनेही हात टेकले होते. दोन फूट उंच लाकडी पेटी आणि समोर बिजागरीचे काचेचे दार!

"अहो, वडिलांची आठवण आहे ती," असे मंडळी म्हणाल्या.

"आठवण जाणार नाही, चक्रे तेवढी जातील."

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच घड्याळ खाली काढून पुसून दिले. आतली यंत्रसामग्री कापडात बांधून त्यांनी आपल्या पेटीत ठेवली आहे.

घर कसे केले ते आता सांगतो. पेटीचे वरचे फळकूट सुताराकडून कापून घेतले आणि त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बसविली. तारेची जाळी फाब्रला चालली; पण बारीक नख्यांस कापडी जाळी सोयीची पडते. मागच्या फळीसही खाली एक चौकोनी झरोका पाडून जाळी लाविली, म्हणजे हवा खालून येऊन वरून जाते आणि बुरशी धरत नाही. तळाशी बोटभर माती आणि नारळाचा काथ्या, वर चार वाळकी पाने. पेरूच्या दोन डहाळ्या तिरक्या उभ्या केल्या, पण मध्यभागी वरपासून निम्म्यापर्यंत काही ठेविले नाही. कात टाकताना त्याने खाली सरकावयाचे ते याच मोकळ्या जागेत. मुलास ती जागा रिकामी दिसे आणि तेथे फुले लावावी, झोपाळा टांगावा, असे त्याच्या मनात येई. तेवढे एकच मी त्यास कडकपणे नाही म्हटले.

पाण्याचा प्रश्न गमतीचा निघाला. आमचे गाव पाण्याच्या युक्तीसाठी प्रसिद्ध. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाने इराणी जाणकाराच्या साहाय्याने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि एकमेकींस जोडलेल्या विहिरींतून शहरात आणविले. तो कुंडी भंडारा पाहावयास लोक आजही दुरून येतात. अशा गावचा मी रहिवासी, आणि पहिल्या किड्यास मी शाईच्या बाटलीच्या टोपणात पाणी ठेवीत होतो! तो बिचारा त्याकडे फिरकत नसे. प्रार्थनाकीटक दंव पितो. पानांवर, काचेवर थेंब असले की तोंड लावून एकेक टिपतो. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारण्याची बाटली आम्ही त्या कामास लाविली. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन फवारे. मधल्या वेळात घर कोरडे झाले पाहिजे. हवेत ओल नसेल तर कात सुकून अंगास चिकटते; ओल फार झाली तर बुरशी येते. थंड देशांतल्या लोकांस अशा पेटीखाली ऊब देण्याची साधने ठेवावी लागतात. आपल्याकडे भीती उलट दिशेने: काचेचे घर उन्हात राहिले की घटकाभरात भट्टी होते.

घड्याळ प्रथम भिंतीवरच टांगले होते. तेथे दोन अडचणी आल्या. शेजारच्या मागांमुळे भिंत दिवसभर थरथरे, आणि खिळ्यावरून मुंग्या उतरत. कात टाकणाऱ्या मऊ किड्यास मुंग्या जिवंत खातात. तेव्हा घड्याळ तिवईवर आले आणि जुन्या घरांतून दुधाच्या कपाटाचे पाय पाण्यात ठेवीत, तसे तिवईचे पाय वाट्यांत गेले. मागांच्या आवाजाचा त्यास त्रास होत असेल का, असे मुलाने विचारले. मी शोध केला तेव्हा कळले की या किड्यांच्या अनेक जातींस कान असतो, पण एकच, आणि तो छातीच्या मध्यभागी, मागच्या पायांच्या मधल्या खोबणीत. यागर आणि हॉय या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ साली तो दाखवून दिला. त्या कानास आपल्याला ऐकू न येणारे अति उंच सूर ऐकू येतात, वटवाघळाची शीळ त्यांतलीच. रात्री उडताना ती कानी पडली की किडा गिरकी घेऊन खाली झेपावतो. यंत्रमागांबद्दल त्याचे काय मत आहे, ते कळण्यास मार्ग नाही.

खाण्याविषयी एक सूचना विशेष महत्त्वाची. किडे जेथे फवारणी झाली असेल तेथले आणू नयेत. केळीच्या बागेतून भराभर नाकतोडे मिळतात, पण विष पोटात गेलेला नाकतोडा आपल्या पाहुण्यासही नेतो. घरातही डासांचा फवारा किंवा उदबत्ती त्या खोलीत लावू नये. आम्ही घरच्या माश्या, दिव्यावरचे पतंग आणि झुरळांची पिल्ले देत असू. झुरळ हा प्रार्थनाकीटकाचा जवळचा नातलग, हे ऐकून मंडळींचे त्याच्याविषयीचे मत थोडे उतरले. एका घरात एकच किडा ठेवावा, हे सांगावयास नकोच. दोन ठेवले तर सकाळी एकच आढळेल, पण जाडा. आणि खाऊन उरलेला जिवंत नाकतोडा रात्री आत राहू देऊ नये. कात टाकणाऱ्या धन्यास तोच कुरतडतो.

मुलाचे प्रश्न मात्र माझ्या वाचनाच्या पुढे धावत. "हा कुठूनही पाहिलं तरी माझ्याकडेच बघतो," असे तो म्हणे. त्या डोळ्यांत एक काळा ठिपका असतो आणि आपण उजवीकडे गेलो की ठिपकाही उजवीकडे येतो. हे खरे बुबुळ नव्हे. तो डोळा हजारो बारीक नळ्यांचा असतो. ज्या नळ्या नेमक्या आपल्या दिशेस रोखलेल्या असतात त्यांतून प्रकाश परत येत नाही, म्हणून त्या काळ्या दिसतात. खरे सांगितले तर त्याचा हिरमोड होईल, असे क्षणभर वाटले. पण झाकण आठवले आणि मी खरे तेच सांगितले. त्याचा हिरमोड झाला नाही. "म्हणजे ज्या नळ्या माझ्याकडे बघतात त्याच काळ्या दिसतात. मग बघतोच ना!" असे म्हणून त्याने मलाच निरुत्तर केले. इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद, जेनी रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किड्यांस मेणाने इवलेसे रंगीत चष्मे चिकटवून चित्रपट दाखविला आणि त्यांस अंतराची खोली दिसते, हे २०१६ साली सिद्ध केले. पुढे असेही दिसून आले की, त्यांची ही दृष्टी हलत्या वस्तूवरच चालते. मेलेली माशी हलवून का द्यावी लागते, याचा उलगडा त्यात होता. चष्मा लावलेल्या किड्याचे छायाचित्र मुलाने आईला पाठविले.

सर्वांत अवघड प्रश्न त्याने एका पतंगाचे डोके खाल्ले जात असता विचारला. "आजोबा, हा खरंच प्रार्थना करतो का?"

नाव तर पुष्कळांनी तसेच ठेविले आहे. ग्रीक लोकांनी त्यास मांटिस, म्हणजे भविष्यवेत्ता, म्हटले. प्रोव्हान्सचे शेतकरी त्यास 'देवाची प्रार्थना करणारा' म्हणत, असे फाब्र लिहितो. त्याच शेतकऱ्यांत त्याच्या अंड्यांची पुडी दातदुखीवर खिशात बाळगण्याची चाल होती, तिला मात्र तो हसतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी एक दंतकथा जुन्या पुस्तकांतून आढळते: हात जोडून चाललेल्या या किड्यास पाहून त्यांनी देवाची स्तुती गा म्हणून सांगितले, आणि किड्याने सुरेल स्तोत्र गायिले. गोष्ट गोड आहे; पण तो किडा गाणारा नव्हे. मी मुलास भिंग दिले आणि ते दुमडलेले पाय पाहावयास सांगितले. मांडीवर काट्यांच्या दोन रांगा, पोटरीवर काटे आणि टोकास आकडी. पोटरी मांडीवर मिटली की चाकू म्यानात गेल्यासारखा. "हात जोडल्यासारखे दिसतात, कारण ते मारावयास तयार ठेवलेले असतात," असे मी म्हणालो. "तो पतंग मारतो, कारण त्यास पान खाता येत नाही. त्यात त्याचे पाप नाही आणि पुण्यही नाही."

मुलाने बराच वेळ भिंगातून पाहिले. "मग आपण त्याला प्रार्थनाकीटक का म्हणायचं?"

"लांबून पाहणाऱ्यांनी नाव ठेवले," मी म्हणालो.

सप्टेंबर संपता संपता त्याने पुन्हा खाणे सोडले. पाठीवरची पंखांची छोटी पाकिटे फुगली होती. म्हणजे ही शेवटची कात. मुलाने आतला नाकतोडा काढून घेतला, पाण्याचा एक फवारा अधिक मारला आणि घड्याळाचे दार लावले. दोन दिवस त्यास कोणी हात लाविला नाही. दुसऱ्या रात्री जपमाळ आम्ही हळू आवाजात म्हटली, आणि ती संपता संपता तो मच्छरदाणीच्या जाळीस धरून उलटा लोंबू लागला. मानेच्या मागे फट दिसली. मुलगा दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून उभा होता. डोके निघाले, मग ते लांब पुढचे पाय एकेक करून हातमोज्यातून काढावे तसे निघाले. मागचे पाय निघेनात. आम्ही तिघेही श्वास रोखून होतो. मंडळी म्हणाल्या, "अहो, काडीने जरा..." आणि मुलगा व मी एकाच वेळी म्हणालो, "नको!" थोडा वेळ तो तसाच मेल्यासारखा लोंबला, मग एकदम वर वळून त्याने आपल्याच रित्या कातीस धरले आणि शेपटाकडचा भाग सुटला. सारे वीस-पंचवीस मिनिटांत झाले. पाठीवर ओल्या चिंधीसारखे काही होते. ते हळूहळू खाली उतरले, पसरले आणि पंख झाले. प्रथम फिकट, जवळजवळ पांढरे. सकाळी पाहतो तो केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा रंग त्यांस चढला होता. ती कात मुलाने काडेपेटीत ठेविली.

पंख आल्यावर पोटाच्या जाडीवरून आणि खालच्या बाजूच्या वळ्या मोजून ती मादी असल्याचे ठरले: नरास आठ वळ्या दिसतात, मादीस सहा. ऑक्टोबरात भुसावळहून फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मुलाने फोनवर पहिल्यांदा विचारले ते "आई कशी आहे?" आणि नंतर सांगितले ते "आमच्या किड्याला पंख आले." त्याची जाण्याची तारीख ठरली, आणि त्याच आठवड्यात मादीने घड्याळाच्या आतल्या कोपऱ्यात, वरच्या बाजूस, फेसाची एक पुडी केली. तास-दोन तास ती शेपूट फिरवीत बसली होती. तो फेस सुकून तपकिरी, कठीण झाला. अशा पुडीत शंभर-दोनशे अंडी असतात. पिल्ले निघतात ती बारीक तंतूंना लोंबत.

परंतु तिला नर भेटलाच नव्हता. ती आमच्या घड्याळात मोठी झाली होती. अशा अंड्यांतून काही निघत नाही. मुलगा हर्षाने नाचत होता, "आजोबा, दोनशे!" आणि मी त्यास त्याच दिवशी, त्याच घटकेस ते सांगितले. त्यास वाईट वाटले. मग तो म्हणाला, "हिला सोडली तर भेटेल का तिला कुणी?" भेटेल, असे मी म्हणालो, तिचे आणखी एक-दोन महिने आहेत, आणि ती पुन्हा अंडी घालू शकते.

भुसावळची गाडी संध्याकाळची होती. सकाळी आम्ही वेशीबाहेर, त्या बागाईतदाराच्या विहिरीजवळ, जेथे फवारणी होत नाही अशा लिंबाच्या झाडाशी गेलो. मुलाने हात पुढे केला. ती त्याच्या मनगटावरून फांदीवर गेली, थोडी डोलली आणि पानांत थांबली. दोन पावले मागे आलो तो ती कोठली आणि पान कोठले, ते ओळखू येईना.

पुडी घड्याळात तशीच आहे. दर इतवारी मुलाचा फोन येतो, बहिणीच्या दातांची बातमी सांगून झाली की तो विचारतो, "फुटली का?" मी "नाही" म्हणतो. "फुटणार नाही हे माहीत आहे मला," असे तो म्हणतो, "पण बघता ना रोज?" मी रोज पाहतो. मंडळी घड्याळाची काच पुसतात तेव्हा तेवढा कोपरा सोडून पुसतात, आणि वाट्यांतले पाणी बदलतात.